सकलातवाला कोणाचे?

२०२२ सालच्या दिवाळीत, २४ ऑक्टोबर रोजी, ब्रिटनच्या हुजूर पक्षाने ऋषी सुनक यांची नेतेपदी निवड केली आणि आपल्याकडील भांडवली वृत्तपत्रांना आनंदाचे भरते आले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्यावर आता आपला माणूस राज्य करणार, असा एकंदर सूर होता. त्या सुरात सूर मिळवून जवळजवळ प्रत्येक पत्राने एक वंशावळ छापली. ब्रिटिश पार्लमेंटमधील ‘भारतीय वंशाच्या’ सभासदांची ही वंशावळ तिकडे निवडणूक झाली की इकडे हटकून निघते. ती दादाभाई नौरोजींपासून सुरू होते, मंचेरजी भावनगरींना स्पर्श करते, शापुरजी सकलातवालांवर येते आणि मग मधली अनेक दशके ओलांडून प्रीती पटेल, सुएला ब्रेव्हरमन आणि ऋषी सुनक यांच्यापाशी विसावते. ब्रेव्हरमनबाईंचे पितृकुळ गोव्याचे, म्हणून गोमंतकीय अभिमानाचाही एक वाटा या नैवेद्यात असतो.

सुनक यांचे सरकार २०२४ च्या जुलैमध्ये ब्रिटिश मतदारांनी घालवले. तो त्यांचा प्रश्न होता आणि त्यांनी तो सोडवला. आपला प्रश्न वेगळा आहे. या वंशावळीत कॉ. सकलातवाला यांचे नाव कोणत्या अधिकाराने घातले जाते? सुरतेच्या वखारीत उतरलेल्या कंपनीचे वारस आणि मुंबईच्या गोदीत ओझी वाहणारे हमाल यांची नावे एकाच हजेरीपटावर लिहिण्यासारखा हा प्रकार आहे. तो भोळेपणातून होत असेल तर त्याची दुरुस्ती केली पाहिजे, आणि हेतुपुरस्सर होत असेल तर त्याचा समाचार घेतला पाहिजे.

आधी त्या तीन पारशांविषयी. तिघेही मुंबईशी जोडलेले, तिघेही एका लहान, सुशिक्षित, व्यापारउदिमात पुढारलेल्या समाजातले. एवढ्यावरच साम्य संपते. दादाभाई १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षाच्या तिकिटावर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने, निवडून आले. त्यांचा मार्ग अर्जविनंत्यांचा होता. ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवरचा त्यांचा विश्वास आज वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. पण हिंदुस्थानची संपत्ती कशी आणि किती वाहून नेली जाते याचा आकडेवार हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबावर पुढच्या दोन पिढ्यांचे राजकारण उभे राहिले. आणि हे विसरता कामा नये की १९०४ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या समाजवादी आंतरराष्ट्रीयच्या परिषदेत हा वृद्ध उदारमतवादी हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी जाऊन उभा राहिला. दादाभाईंना आपण आपल्या परंपरेत मानतो ते उगाच नव्हे.

भावनगरींची गोष्ट निराळी. १८९५ साली ते हुजूर पक्षातर्फे लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीन या गोरगरिबांच्या वस्तीतून निवडून आले, ते साम्राज्याचे पाईक म्हणून. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या हालअपेष्टांबद्दल त्यांनी पार्लमेंटमध्ये आवाज उठवला, ही त्यांच्या जमेची बाजू. पण राष्ट्रीय चळवळीच्या विरोधात साम्राज्यशाहीला हवा असलेला ‘समंजस हिंदी माणूस’ ही त्यांची भूमिका होती आणि तिचे मोल त्यांना ‘सर’ या किताबाच्या रूपाने मिळाले. ब्रिटिश हुजूर पक्षाला वसाहतीतील माणूस का आणि केव्हा हवासा वाटतो याचा पहिला धडा भावनगरींच्या कारकिर्दीत आहे. सुनक-पटेल-ब्रेव्हरमन यांची वंशावळ काढायचीच तर ती येथून काढावी. आम्ही हरकत घेणार नाही.

आता सकलातवाला. २८ मार्च १८७४ रोजी मुंबईत जन्म. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात एखाद्याच्या पाळण्याला जितकी सोन्याची घुंगरे बांधता येत असतील तितकी त्यांच्या पाळण्याला बांधलेली होती. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. हाफकीन यांच्या लसीच्या कामात हा तरुण स्वयंसेवक म्हणून राबला. गिरणगावातील चाळींमधून माणसे कशी मरतात, आणि प्लेगच्या आधीही ती कशी जगत होती, हे त्याने तेव्हा पाहिले. त्याच काळात, हाफकीनसाहेबांना भेटायला गेले असता युरोपियनांच्या क्लबाचे दार काळ्या माणसाला कसे बंद असते याचाही त्यांना अनुभव आला. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी खनिजाचा शोध घेत ते मध्य प्रांत, बिहार, ओरिसाच्या जंगलांतून हिंडले. जमशेदपूरच्या भट्ट्या ज्या खनिजावर पेटल्या त्याच्या शोधात या भाच्याचा वाटा होता. मलेरियाने तब्येत ढासळली म्हणून आणि टाटांच्या कचेरीचे काम पाहण्यासाठी म्हणून १९०५ साली त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले.

येथे भांडवली चरित्रकार एक ठरावीक सुस्कारा टाकतात. घरचे सारे काही असताना हा माणूस भरकटला कसा? मग उत्तरे शोधली जातात. मामेभाऊ दोराबजींशी जमले नाही, स्वभाव हट्टी होता, वारसाहक्काचा सल होता. वर्गजाणीव नावाची काही गोष्ट जगात असते, ती पुस्तकांतून, अनुभवातून आणि माणसांच्या सहवासातून घडते, हे या मंडळींना कबूलच करायचे नसते. कामगार कम्युनिस्ट झाला तर त्याला कोणीतरी चिथावले, आणि मालकाचा भाचा कम्युनिस्ट झाला तर त्याचे घरात बिनसले!

वस्तुस्थिती साधी आहे. इंग्लंडला गेल्यावर सकलातवाला प्रथम उदारमतवाद्यांच्या क्लबात गेले. तेथील हिंदुस्थानविषयक दांभिकपणा पाहून बाहेर पडले. डर्बीशायरमधील मॅटलॉक या गावी उपचार घेत असताना तेथे वाढपी म्हणून काम करणाऱ्या सॅली मार्श या मुलीशी त्यांची ओळख झाली, आणि १९०७ साली ते विवाहबद्ध झाले. १९०९ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद बनले. लँकेशायरच्या गिरण्या ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि मुंबईच्या गिरण्या ज्यांच्या घरच्या होत्या, अशा माणसाला दोन्हीकडचा कामगार एकाच चक्कीत कसा भरडला जातो हे समजायला फार मोठ्या गूढ प्रेरणेची गरज नव्हती. रशियन क्रांतीने दिशा स्पष्ट केली. १९२१ साली ते ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात आले. गंमत अशी की टाटांच्या लंडन कचेरीतील नोकरी १९२५ पर्यंत चालूच होती. पोलादसम्राटांच्या पगारपत्रकावर एक बोल्शेविक पार्लमेंट सभासद, ही विसंगती दोन्ही पक्षांना झेपेल तितके दिवस टिकली आणि मग सकलातवालांनी ती नोकरी सोडली. त्यानंतरचे आयुष्य पाच मुलांच्या कुटुंबासह बेताच्या मिळकतीत गेले.

बॅटरसी हा थेम्सच्या दक्षिण काठावरचा मतदारसंघ. रेल्वेचे यार्ड, गॅसचे कारखाने, मेणबत्तीचा मोठा कारखाना. दाट कामगार वस्ती. येथील कामगार चळवळीने बोअर युद्धाला विरोध केला होता. १९१३ साली येथील नगरपालिकेने जॉन आर्चर या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला महापौर निवडले होते. तेच आर्चर पुढे सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी झाले. सकलातवाला निवडून आले ते या मातीतून. बॅटरसीत हिंदी मतदार होते कोठे? ज्यांनी त्यांना मते दिली ते इंग्रज आणि आयरिश कामगार होते. १९२२ साली मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून ते विजयी झाले. १९२३ साली अवघ्या १८६ मतांनी पडले.

आणि १९२४ ची निवडणूक! मतदान २९ ऑक्टोबरला. त्याच्या चार दिवस आधी ‘डेली मेल’ने झिनोव्हिएव्हचे म्हणून एक बनावट पत्र छापले आणि देशभर बोल्शेविक बागुलबुवा उभा केला. मजूर पक्षाने त्या वर्षी कम्युनिस्टांना उमेदवारीची दारे बंद करण्याचा ठराव केला होता. अशा वातावरणात उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभा राहिलेला एक हिंदी माणूस ५४२ मतांनी निवडून आला. १९२९ पर्यंत त्या सभागृहात तो एकटाच कम्युनिस्ट होता. ज्यांना ‘भारतीय वंशा’चा चमत्कार शोधायचा आहे त्यांनी या आकड्यांपुढे जरा थांबावे. लंडनच्या कामगारांनी सकलातवालांना ते हिंदी असूनही निवडले असे म्हणणे पुरेसे नाही. त्यांच्या हिंदीपणातून आपल्याच पिळवणुकीचा दुसरा अर्धा भाग दिसतो हे पटल्यामुळे निवडले, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे.

कारण ते सांगत होते तेच मुळी हे. कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांत स्कॉटिश भांडवल कवडीमोल मजुरीवर माणसे राबवते, म्हणून डंडीचा ताग कामगार बेकार होतो. हिंदुस्थानच्या खाणीत बायका-मुले उतरवली जातात, तेथील कोळसा वेल्सच्या खाणकामगाराच्या मजुरीवर दगड होऊन पडतो. म्हणून हिंदुस्थानचे स्वातंत्र्य ही ब्रिटिश कामगाराने घालायची भीक नाही. ती त्याची स्वतःची गरज आहे. निवडून येताच नोव्हेंबर १९२२ मध्ये त्यांनी आयर्लंडवर लादलेल्या तडजोडीच्या विधेयकाला विरोध केला. आपल्या बाकांवरील सहकारी हे विधेयक संमत करून मोकळे व्हायला उतावीळ होते. नवा सभासद, त्यातून वसाहतीतला, त्याने पहिल्याच अधिवेशनात असे मोडता घालणे त्यांना रुचले नाही. १९२५ साली आंतरपार्लमेंटरी परिषदेसाठी ब्रिटिश शिष्टमंडळातून अमेरिकेला जायचे ठरले, तर परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा प्रवेश परवाना रद्द केला. एका माणसाला अमेरिका घाबरली, हे वाक्य तेव्हा अतिशयोक्तीचे नव्हते.

पण वंशावळ लिहिणाऱ्यांना आम्ही विशेष आग्रहाने १९२६ सालापाशी आणू इच्छितो. खाणमालकांनी मजुरी कापायची आणि कामाचे तास वाढवायचे ठरवले. खाणकामगारांना टाळेबंदीला तोंड द्यावे लागले. सार्वत्रिक संप अटळ झाला. १ मे रोजी हाइड पार्कच्या सभेत सकलातवालांनी सैनिकांना आवाहन केले की, आपल्या कामगार बांधवांवर शस्त्र चालवू नका. ४ मे रोजी, संपाच्या पहिल्याच दिवशी, त्यांना अटक झाली. पुढे चांगले वर्तन ठेवीन असा जामीन लिहून द्या आणि घरी जा, असा सौदा न्यायालयाने पुढे केला. त्यांनी तो नाकारला आणि दोन महिन्यांची शिक्षा वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात भोगली. संप नऊ दिवसांत पुढाऱ्यांनी मोडला. खाणकामगार एकाकी लढत राहिले आणि हुजूर पक्षाच्या सरकारने १९२७ साली सहानुभूतीचे संप बेकायदा ठरवणारा कायदा आणला. तो कायदा पुसायला १९४६ साल उजाडावे लागले.

आता दुसरे चित्र पाहा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये रेल्वे कामगार, टपाल कामगार, शिक्षक आणि परिचारिका यांचे संप झाले. महागाईने त्यांच्या वेतनाचा कणा मोडला होता. त्या परिचारिकांत आणि इस्पितळांच्या कर्मचाऱ्यांत केरळच्या, पंजाबच्या, फिलिपाइन्सच्या मुली थोड्या नव्हत्या. पंतप्रधान होते ‘आपले’ सुनक. त्यांच्या सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये किमान सेवेचा कायदा केला. संपाच्या दिवशी कोणी कामावर यायचे त्यांची नावे मालकाने नोटिशीत लिहायची आणि ते कामावर येतील यासाठी युनियनने झटायचे! युनियनलाच संपफोडीचे काम देण्याची ही कल्पकता बॉल्डविनच्या मंत्रिमंडळालाही सुचली नव्हती. त्या कायद्याला पुढे मूठमाती मिळाली. परंतु त्याची प्रस्तावना कोणाच्या सरकारने लिहिली हे विसरता येणार नाही. गृहखात्यात असताना पटेलबाईंनी निर्वासितांना रवांडाला धाडण्याचा करार केला, ब्रेव्हरमनबाईंनी तो पुढे रेटला आणि सुनक यांनी २०२४ साली त्यासाठी खास कायदा करून घेतला. या तिघांची कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून, मॉरिशसहून ब्रिटनला आलेली, हे त्यांचे समर्थकच कौतुकाने सांगतात.

एक सभासद संपकऱ्यांसाठी तुरुंगात जातो. दुसरा संप मोडण्याचा कायदा करतो. एक टाटांची नोकरी सोडतो. दुसरा इन्फोसिसच्या संस्थापकांचा जावई, ज्याच्या पत्नीला परदेशी उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर न भरण्याची कायदेशीर सवलत २०२२ साली चव्हाट्यावर येईपर्यंत सुखाने चालू होती. हे दोघे एकाच वंशावळीत? रक्ताच्या नात्याने जर राजकारण ठरत असते तर सकलातवाला जमशेदपूरच्या कामगारांच्या नव्हे, मालकांच्या बाजूने उभे राहायला हवे होते.

येथे मजूर पक्षाला सूट देण्याचे कारण नाही. सकलातवालांच्या कारकिर्दीचा अर्धा ताप त्या पक्षाने दिला. १९२४ साली रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे पहिले मजूर सरकार असताना कानपूर बोल्शेविक कट खटल्यात कॉ. डांगे, कॉ. मुझफ्फर अहमद आदींना चार वर्षांच्या शिक्षा झाल्या. बंगालचा काळा वटहुकूमही त्याच सरकारच्या संमतीने निघाला. १९२७ साली सायमन कमिशन नेमले गेले, त्यात एकही हिंदी सभासद नव्हता. मजूर पक्षाने मात्र ॲटली आणि हार्टशॉर्न असे आपले दोन सभासद त्यात इमानाने बसवले. सभागृहात सकलातवालांनी याला विरोध केला, तेव्हा त्यांच्या भोवतीच्या बाकांवर थंड शांतता होती. मीरत खटल्याची धरपकड १९२९ च्या मार्चमध्ये हुजूर सरकारने केली. तो खटला तितक्याच निष्ठेने पुढे चालवला मजूर सरकारने. मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, डांगे, अधिकारी ही आपली माणसे तुरुंगात वर्षे काढत होती तेव्हा लंडनच्या सत्तेवर ‘कामगारांचे’ सरकार होते. बॅटरसीच्या मजूर संघटनेने कम्युनिस्टांना हाकलण्यास नकार दिला, म्हणून १९२६ साली ती संघटनाच पक्षाबाहेर काढण्यात आली.

या संदर्भात एक उपकथा सांगण्याजोगी आहे, कारण वंशावळकारांना ती कधीच सुचणार नाही. मीरतच्या आरोपींत लेस्टर हचिन्सन नावाचा तरुण इंग्रज पत्रकार होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९३३ साली त्याला निर्दोष सोडले. १९४५ साली तो मँचेस्टरमधून मजूर पक्षाचा पार्लमेंट सभासद म्हणून निवडून आला आणि १९४९ साली डावेपणाबद्दल पक्षातून हाकलला गेला. भारतीय वंशाचा त्याच्यात एक थेंबही नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगाराने सुनक आणि हचिन्सन यांपैकी ‘आपला’ कोणाला म्हणावे?

सकलातवाला १९२७ च्या जानेवारीत मुंबईला आले. पार्लमेंटचा सभासद म्हणून सरकारला त्यांना अडवता आले नाही. एप्रिलपर्यंत देशभर सभा झाल्या. दिल्लीच्या आयटक अधिवेशनाला ते हजर राहिले. मुंबईत तेव्हा नुकत्याच उभ्या राहत असलेल्या कामगार-शेतकरी पक्षाच्या तरुणांना त्यांच्या येण्याने केवढा हुरूप आला हे त्या पिढीतील कॉम्रेड पुढे वर्षानुवर्षे सांगत असत. पुढल्याच वर्षी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि गिरणी कामगार युनियन उभी राहिली. एका माणसाच्या दौऱ्याने ती उभी राहिली असे म्हणण्याचा बाळबोधपणा आम्ही करणार नाही. पण नांगरट चालू होती आणि तिच्यात त्यांचाही हात होता. सरकारने धडा घेतला. ते परतल्यावर त्यांना पुन्हा मायदेशी येण्यास बंदी करण्यात आली आणि १९२९ चे मजूर सरकारही ती उठवेना. मुंबईत जन्मलेल्या माणसाला मुंबई पुन्हा दिसली नाही.

याच दौऱ्यात त्यांनी गांधीजींना उघडे पत्र लिहिले. ‘कॉम्रेड गांधी’ असे संबोधून. चरख्याचे अर्थशास्त्र, पाया पडून घेण्याची व्यक्तिपूजा आणि अहमदाबादच्या मजूर महाजनाला आयटकपासून अलग ठेवण्याचे धोरण, या तिन्हींवर त्यांनी घाव घातले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सौजन्याने पण ठामपणे उत्तर दिले. आज या वादाकडे पाहताना आपल्याला एवढे कबूल करावे लागेल की तिसऱ्या मुद्द्यावर सकलातवाला निर्विवाद बरोबर होते. अहमदाबादचा कामगार देशाच्या कामगार चळवळीपासून तोडला गेला त्याची किंमत फार मोठी पडली. पहिल्या मुद्द्यावर ते तत्त्वतः बरोबर होते, पण खादीने खेड्यातील कोट्यवधी माणसांना राजकारणात ओढले ही गोष्ट लंडनहून आलेल्या त्यांच्या नजरेतून निसटली. पाया पडणाऱ्यावर रागावणे सोपे असते. तो का वाकतो हे समजून त्याला उभे करणे दीर्घ काळाचे काम असते.

आणि आपल्याच गोटातील एका सवयीबद्दलही बोलले पाहिजे. जयंतीला हार घालण्यापुरते सकलातवाला आपल्यालाही सोयीचे वाटतात. मग त्याच वर्षी, २२ जुलै १९२७ रोजी, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या मुलांचा नवजोत विधी केला आणि ब्रिटिश पक्षाने त्यांचा जाहीर निषेध केला, हा प्रसंग आपले लेखक गाळतात. का गाळावा? पारशी समाजाने परधर्मीय आईच्या मुलांना बाहेर ठेवू नये असा त्यांचा आग्रह होता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तरीही पार्लमेंटमधील एकमेव कम्युनिस्टाने जाहीर धर्मविधी करावा हे पक्षाला खटकणे स्वाभाविक होते. विशेष हे की त्यांनी ती टीका सोसली आणि पक्ष सोडला नाही. पक्षानेही त्यांना सोडले नाही. आपल्या माणसाची चूक लपवून त्याला मोठे करण्याची कला आपण भांडवली चरित्रकारांसाठी राखून ठेवावी.

तीच गोष्ट १९२९ च्या पराभवाची. मजूर पक्षाच्या उमेदवाराने त्यांना पाडले. आधीच्या मतांच्या निम्मीही मते त्यांना पडली नाहीत. आणि विरोधी उमेदवाराचे काम पाहत होते तेच जॉन आर्चर! मजूर पक्षाने फूट पाडली हे खरेच. पण ‘वर्गाविरुद्ध वर्ग’ या घोषणेखाली मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना आणि त्यांच्यामागे जाणाऱ्या साध्या कामगाराला एकाच मापाने मोजण्याची चूक त्या काळी आपल्या चळवळीने केली, तिचाही या पराभवात वाटा होता. बॅटरसीतील ती एकजूट वीस वर्षांच्या कामातून घडली होती आणि दोन-तीन वर्षांत विस्कटली.

पार्लमेंट गेले तरी काम थांबले नाही. मीरतच्या कैद्यांसाठी सभा, बेकारांच्या मोर्च्यांसाठी सभा, पुन्हा निवडणुका आणि पुन्हा पराभव. तब्येत खचत गेली. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत त्यांच्या अस्थी आहेत. जमशेटजी टाटांची समाधीही तेथेच आहे.

‘भारतीय वंशाच्या’ मंडळींचा अभिमान बाळगूच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्सडन भागातील ग्रनविक फोटो कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. पटेल, सुनक यांच्या घरच्यांप्रमाणेच त्याही पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. साडी नेसलेली ती लहानखुरी गुजराती बाई जवळजवळ दोन वर्षे कारखान्याच्या दारावर उभी राहिली. यॉर्कशायरचे आणि वेल्सचे खाणकामगार तिच्या पाठीशी येऊन पोलिसांच्या लाठ्या खात होते, टपाल कामगारांनी कारखान्याची टपाल अडवली. संप हरला. युनियनच्या वरिष्ठांनीच शेवटी हात आखडते घेतले. आपल्या वृत्तपत्रांच्या वंशावळीत जयाबेनचे नाव कोठे आहे? तिला पार्लमेंटची पायरी लाभली नाही, म्हणून ती ‘आपली’ नव्हे काय?

सकलातवालांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९३७ च्या फेब्रुवारीत, स्पेनमध्ये फ्रँकोच्या फौजांना अडवण्यासाठी आंतरराष्ट्रीय ब्रिगेडची ब्रिटिश तुकडी हारामाच्या टेकड्यांवर चढली. सुमारे ६०० स्वयंसेवक; त्यांत खाणकामगार, गोदी कामगार, बेकार, काही विद्यार्थी. तुकडीला नाव द्यायचे ठरले तेव्हा त्यांनी कोणत्याही इंग्रज सेनापतीचे नाव घेतले नाही. त्यांनी तिचे नाव ठेवले ‘सकलातवाला बटालियन’. ते नाव फार रुळले नाही. लोक तिला ब्रिटिश बटालियन म्हणूनच ओळखू लागले. पण सकलातवाला कोणाचे, या प्रश्नाचे त्या खाणकामगारांनी आणि गोदी कामगारांनी दिलेले उत्तर त्या नावात होते.